वेडाच्या साक्षीला मामा

माझं डोकं ठिकाणावर नाही, हे फौजेच्या डॉक्टरांना पटवून द्यायला मी आमच्या मामांना बोलावून घेतलं.

चूक एवढीच. पुढचा सगळा वैताग ही तिची पिलावळ.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. पाथरीला त्यांचं खताचं दुकान आहे, पण गिऱ्हाइकाला ते दुकानात क्वचित सापडतात. त्यांचा खरा उद्योग सोयरिकी जुळवण्याचा. पाथरी, सेलू, जिंतूर या पट्ट्यात आमच्या समाजातलं कोणतं पोरगं लग्नाचं झालंय, कोणती पोरगी कुठवर शिकलीय, कुणाच्या घरात सासू नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. यासाठी ते पैसा घेत नाहीत. टॉवेल-टोपी आणि पंगतीत पहिल्या ओळीचा मान, एवढ्यावर खूश. त्यांनी हात घातलेली सोयरीक फिसकटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तोतरं पोरगं असलं तर मामा सांगणार, “पोरगं विचार करून बोलतंय.” कामधंदा नसलेलं असलं तर, “घरच्यांच्या नजरेसमोर हाय.” खोटं असं काही नाही, पण खऱ्याला इतकं नटवतात की त्याच्या आईनं ओळखू नये. एक पथ्य मात्र पाळतात. अशा बोलण्यात कधी शपथ घेत नाहीत. समोरचा म्हणाला, “गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून सांगा,” की मामांना एकदम चहाची आठवण होते.

असल्या माणसाला मी माझ्या वेडाच्या साक्षीला बोलावलं. खरं तर एवढ्या एका पुराव्यावर मला लगेच सोडायला हवं होतं.

मी फौजेत ड्रायव्हर. मोठी गाडी, वर डोंगरात रेशन पोचवायचं, रिकामी गाडी खाली आणायची. लोक विचारतात, “काय झालं होतं रे तिथं?” त्यांना दरड हवी असते, गोळीबार हवा असतो, निदान एखादा मेलेला दोस्त तरी हवा असतो. माझ्याकडं यातलं काहीच नाही. मलाच कानकोंड्यासारखं व्हायचं. एवढं मोठं दुखणं आणि दाखवायला कारण नाही! झालं ते एवढंच. एका हिवाळ्यात उतारावर गाडी लावून चहाला आलो. चहा हातात घेतला आणि मन म्हणालं, हँडब्रेक ओढला नाहीस. गेलो, बघितलं, ओढलेला होता. परत आलो. मन म्हणालं, ओढलेला होता खरा, पण आता तू हात लावलास तेव्हा सैल झाला असेल. पुन्हा गेलो. चाकाखाली दगड लावला. परत आलो. दगड नीट बसलाय का?

त्या दिवसापासून माझा चहा कधी गरम लागला नाही.

मग झोप गेली. मग जेवताना वरणात डोळ्यातलं पाणी पडायला लागलं, तेही काही वाईट वाटत नसताना. स्टिअरिंगवर हात ठेवला की बोटं आपल्या मर्जीनं नाचायची. दुसऱ्या कुणी सरळ जाऊन सांगितलं असतं. मी काय केलं? त्याचा किस्सा केला. बराकीत उभा राहून मी ते नाटक करून दाखवायचो. हा चहा, ही गाडी, हा मी पळतोय, हा मी परत येतोय. पोरं लोळायची. नवीन कुणी आलं की फर्माईश व्हायची, “वो ब्रेकवाला सुना यार.” आमचे सुभेदारसाहेब तर पोट धरून हसायचे. माझं दुखणं युनिटमध्ये लोकप्रिय झालं आणि मी मात्र आतून वाळवी लागलेल्या दरवाज्यासारखा, रंग ठीक, बोट लावलं की भुसा.

एक दिवस धीर करून मी सुभेदारसाहेबांकडं गेलो.

“साहब, घर जाना है.”

“छुट्टी?”

“नहीं साहब. हमेशा के लिए.”

त्यांनी विचारलं, आई आजारी आहे का? जमिनीचं भांडण आहे का? मी सगळ्याला नाही म्हणालो. म्हणालो, “साहब, मन नहीं लगता.”

“मन?” ते हसले. “मेरा लगता है क्या? थोड़े साल खींच ले, पेन्शन पक्का हो जाएगा. चल, ब्रेकवाला सुना.”

आणि मी सुनवला! याला काय म्हणावं? बुडणाऱ्या माणसानं काठावरच्या लोकांना पोहण्याचे प्रकार करून दाखवावेत, तसला प्रकार.

युनिटच्या डॉक्टरांकडंही गेलो होतो. त्यांनी मान वर न करता विचारलं, “कैसे हो?” माझ्या तोंडातून निघालं, “एकदम बढ़िया सर.” ही खोड गावाकडची. आमच्याकडं तिरडीवरच्या माणसाला विचारलं, कसं हाय, तर तोसुद्धा म्हणणार, बरं हाय. डॉक्टरांनी सर्दीची गोळी दिली. मी ती घेऊन, सलाम ठोकून, बाहेर येऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

शेवटी माझ्या तोंडानं जे सांगितलं नाही ते गाडीनं सांगितलं. घाटातून खाली येताना मी मधेच गाडी थांबवली, खाली उतरलो आणि मागच्या टायरला मिठी मारून बसलो. गाडी आपोआप निघून जाईल असं वाटत होतं. मागं ताफा अडकला. हॉर्न वाजले. सुभेदारसाहेब शिव्या देत आले, माझं तोंड बघितलं आणि शेजारी उकिडवे बसले. त्या दिवशी ब्रेकवाल्याची फर्माईश कुणी केली नाही.

तिथून मला मोठ्या लष्करी दवाखान्यात पाठवलं, मनाच्या दुखण्याच्या वॉर्डात. तिथं पहिल्यांदा पायजम्याची नाडी काढून घेतात. का ते सांगत नाहीत, पण कळतं. त्यामुळं आम्ही सगळे एका हातानं पायजमा धरून फिरायचो. देशाचे जवान, आणि एक हात कायमचा कमरेला.

डॉक्टर होत्या एक मॅडम, मेजर, हैदराबादच्या बाजूच्या. शांत बाई. त्यांना मी हसवायला बघितलं तर त्या हसल्या नाहीत, नुसत्या वाट बघत बसल्या. किस्सा संपल्यावर म्हणाल्या, “अब बिना ॲक्टिंग के बोलो.” मला दोन वाक्यांच्या पुढं येईना. मग त्यांनी समजावलं. घरी जायचं तर मेडिकल बोर्डातून जावं लागेल. बोर्ड म्हणजे डॉक्टरांची पंचायत. ते ठरवणार, हा माणूस गाडी चालवायच्या, बंदूक धरायच्या लायकीचा आहे की नाही. त्याआधी मॅडमना घरच्या कुणाशी तरी बोलायचं होतं. लहानपणापासून बघितलेलं, माझी झोप, राग, घराणं सगळं माहीत असलेलं माणूस हवं होतं.

आईला हिंदी येत नाही. वडील फोनवर म्हणाले, “तिथंच गोळ्या खा, कुणाला सांगू नको,” आणि फोन ठेवला. राहिले मामा. मामांची हिंदी म्हणजे बाजारातल्या कापसाच्या व्यापाऱ्यांशी बोलून तयार झालेली दखनी. मॅडमही दखनीवाल्या. मी विचार केला, वा, याहून चांगला साक्षीदार कोण?

मामा आले ते कोऱ्या धोतरात, कपाळाला ठसठशीत विभूती लावून, पिशवीत शेंगाच्या पोळ्या घेऊन. मला निळ्या पायजम्यात बघून जरा चपापले. म्हणाले, “कापडं बरी घालायची की रे. मानसं बघायला यायलेत.”

बघायला! तिथंच माझ्या डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती. पण माझ्या डोक्यात त्या काळात इतक्या घंटा वाजायच्या की ही वेगळी ओळखू आली नाही.

आम्ही मॅडमसमोर बसलो. मॅडमनी विचारायला सुरुवात केली, आणि मामांची पाठ ताठ झाली. त्यांनी आयुष्यभर हेच प्रश्न ऐकले होते. पोरगं झोपतं का नीट, चिडतं का, पितं का, घराण्यात कुणी तसं आहे का. प्रश्न तेच, खुर्ची तीच, फक्त समोर मुलीचा बाप नव्हता.

“इनकू नींद कैसी आती?” मॅडम म्हणाल्या.

“घोड़े बेचको सोता मॅडम. बाजू से बारात गई तो भी हलता नै.”

“गुस्सा?”

“गाय हाय मॅडम, गाय. लहानपणी पोरं मारके जाते थे, इनो हँसता था.”

“दारू, तंबाखू?”

“सुपारी भी नै,” मामा म्हणाले आणि स्वतःच्या तोंडातली सुपारी त्यांनी दुसऱ्या गालात सरकवली.

मी मामांना खुणावत होतो. पण एक हात पायजम्याला आणि दुसरा मॅडमच्या नजरेत. पायानं डिवचलं तर मामांनी पाय आखडून घेतले आणि जास्तच गोड हसले.

“खानदान में किसी को दिमाग की तकलीफ?”

“खानदान? सात पीढ़ी गिनाता मैं. सोना हाय.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. माझे एक चुलत आजोबा होते. ते उन्हाळ्यात, शेतात काही पेरलेलं नसताना, माळ्यावर बसून पाखरं हाकायचे. ते मी मॅडमना आधीच सांगितलं होतं. मॅडमनी विचारलं, “इनके चचेरे दादा?”

मामांनी सुपारी परत पहिल्या गालात आणली. मग म्हणाले, “उनो बैरागी थे मॅडम. लय पोचे हुए.”

“खाली खेत में पंछी उड़ाते थे?”

“रखवाली का शौक था.”

मी डोळे मिटून घेतले. मामा रंगात आले होते. माझी दहावीची टक्केवारी झाली, पोहण्याचं कौतुक झालं, आईची किती काळजी घेतो ते झालं. मग सवयीनं त्यांनी मॅडमनाच विचारलं, “मॅडम, तुम्हारा गाँव कौनसा?” त्यांनी सांगितलं. “हौ? मग आपण गाववालेच की! हमारा परभणी भी निजाम में था. शादी हुई तुम्हारी?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला म्हणाल्या, “आपके मामा के हिसाब से तो आपकू प्रमोशन देना चाहिए.”

बाहेर आल्यावर आवारातल्या बाकावर बसलो. वॉर्डचा एक शिपाई सोबत होता, तो लांब उभा राहून मोबाईल बघत होता. मी मामांवर तुटून पडलो.

“मामा, तुमी इथं कशाला आलात?”

“तुझं चांगलं सांगायला.”

“माझं वाईट सांगायला बोलावलं होतं! मी आजारी हाय हे सांगायचं होतं तुमाला. तिथं तुमी मला खपवायलात!”

“हळू बोल.” मामांनी इकडंतिकडं बघितलं. “भाच्या, तुला काय सांगू. सेलूची पार्टी हाय. अडतीचं दुकान, पोरगी बीएस्सी. मी त्यांना सांगून बसलोय, पोरगं सरकारी, पक्क्या नोकरीवर हाय. तू डोक्याच्या दवाखान्यातून घरी आलास तं मी त्यांच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?”

“इथली गोष्ट सेलूला कोण सांगणार हाय?”

“गोष्ट फिरती. ती मॅडमच बघ की, निघाली का न्हाई आपल्याकडची? जगात कुठंबी जा, कुणाचं तरी कोण असतंय.”

मी डोकं धरून बसलो. माझी सुटका सेलूच्या अडत दुकानात अडकली होती. सीमेवर जे शत्रूला जमलं नाही ते एका सोयरिकीनं केलं होतं.

शिपायानं आम्हाला चहा आणून दिला. समोर उतारावर एक रुग्णवाहिका उभी होती, ड्रायव्हर कुठं गेला होता कुणास ठाऊक. मी ती बाहेर आल्याआल्याच बघितली होती. बघायचं नाही असं ठरवून मामांशी भांडत होतो. आता भांडण संपलं आणि ती पुन्हा दिसली.

“आलोच,” म्हणालो. गेलो, काचेतून ब्रेक बघितला, कडेचा एक दगड चाकाला लावला, परत आलो.

“काय रे?”

“काय न्हाई.”

कप उचलला. ठेवला. पुन्हा गेलो.

“चहा गार व्हायलाय,” मामा म्हणाले.

तिसऱ्यांदा निघालो तेव्हा मामा हसले. त्यांना वाटलं, मी काहीतरी गंमत करतोय. त्यांचं चुकलं नाही, मी जन्मभर त्यांच्यासमोर गंमतच केली होती. पण मी परत आलो, बसायला वाकलो आणि न बसताच पुन्हा वळलो, तेव्हा त्यांचं हसणं गालावर तसंच राहून गेलं. माझ्या बोटांकडं बघत राहिले. पायजमा धरलेली बोटं आपल्या मर्जीनं नाचत होती आणि पायजमाही.

मामा उठले. धोतर सावरत उतारावर गेले. एक चांगला मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला, चाकाला टेकवला, त्यावर पाय देऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, “बस आता. मी हाय इथं. कुठं जात न्हाई गाडी. चहा पी.”

मी बसलो. कप तोंडाला लावला. समोर माझा सख्खा मामा चाकाला पाय देऊन उभा होता, कोऱ्या धोतराला माती लागलेली. त्याच्यावर तरी विश्वास ठेवायला काय हरकत होती? मी कप ठेवला आणि उठलो.

मामा दगडावरचा पाय काढून आले. मला हाताला धरून बाकावर बसवलं, शिपायाला सांगितलं, “देखो इनकू,” आणि तडक मॅडमच्या खोलीत शिरले. न विचारता. दार अर्धवट उघडं राहिलं, म्हणून ऐकू आलं.

“मॅडम, अभी जो बोला वो सब धो डालो.”

“क्या हुआ?”

“मैं उसकी शादी जमा रहा था. तुम पूछे तो आदत से बोल गया. मेरेकू लगा, हँसता हाय तो अच्छा हाय.” मग, “ये देखो, लिंग कू हाथ लगाको बोलता. लड़का अच्छा नै हाय. उसकू घर भेजो.”

बाकावर बसून मी रडलो की काय ते आठवत नाही. पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण आत मामा थांबेचनात. शपथ घेतल्यावर त्यांना जणू मोकळीकच मिळाली. आता त्यांनी माझं सगळं खरं काढायला घेतलं. चुलत आजोबा बैरागी नव्हते, पाखरंही नव्हती, हे झालं. मी पाचवीपर्यंत अंथरूण ओलं करायचो, हे झालं. दहावीचे टक्के त्यांनी वाढवून सांगितले होते, तेही कमी केले. शेळीला भिऊन झाडावर चढलो होतो, ते झालं. मी बाकावरून ओरडलो, “मामा, शेळीचा काय संबंध?” आतून मामा ओरडले, “पूर्ण खरं सांगायलोय! मधे बोलू नको!”

शिपाई मोबाईल बाजूला ठेवून ऐकत होता.

बोर्ड पुढं बरेच महिने चालला. फौजेत भरती व्हायला एक दिवस धावावं लागतं, बाहेर पडायला मात्र रोज बसून राहावं लागतं. कधी एक साहेब रजेवर, कधी कागद दुसऱ्या टेबलावर, कधी मी त्या दिवशी बरा दिसतोय म्हणून पुढची तारीख. बरा दिसू नये म्हणून मी दाढी वाढवली, तर शिस्तीत दाढी करायला लावली. शेवटच्या दिवशी पंचायतीतल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, “कैसे हो?” जिभेच्या टोकावर “बढ़िया” आलं होतं. ते मी गिळलं, शब्दशः, आवंढ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. म्हणालो, “ठीक नहीं हूँ सर.” एवढं वाक्य यायला मला किती वर्षं लागली! मला सोडलं.

आमच्या गावात निवृत्त जवान आला की उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, फेटा, ढोल, चौकात मोठा फलक. मी परभणीहून एसटीनं पाथरीला उतरलो. स्टँडवर मामा एकटेच, दुचाकी घेऊन. दुचाकी त्यांनी भिंतीला टेकवून, पुढच्या चाकाला वीट लावून उभी केली होती. बघितलं आणि बरं वाटलं.

पण नवा वैताग सुरू झाला. ज्या माणसानं आयुष्यभर खरं झाकलं, त्याला आता खऱ्याचं व्यसन लागलं. खताच्या पोत्यांवर बसलेल्या गिऱ्हाइकाला, टपरीवर, देवळात, मामा सगळ्यांना सांगायला लागले, “आमच्या भाच्याचं डोकं जरा आजारी हाय. गोळ्या चालू हायेत.” मी म्हणालो, “मामा, जरा कमी सांगा.” तर म्हणाले, “न्हाई. जे हाय ते हाय.” सेलूच्या लोकांनाही त्यांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. अगदी शेळीसकट. मी समजलो, संपलं.

आणि ती मंडळी आली. मुलीचे वडील आणि मुलीची आत्या. वडील म्हणाले, “इतकं खरं सांगणारा मध्यस्थ आमी आजवर बघितला न्हाई. म्हणलं, पोरगं बघून तं यावं.” आत्या पदर खांद्यावर घट्ट ओढून माझ्याकडं बघत बसल्या. आईनं चहा आणला. मामांनी पुन्हा एकदा गोळ्यांची नावं, वेळा, हँडब्रेक, टायरची मिठी सगळं सांगून टाकलं, आणि मग आत्यांनी मला विचारलं, “आता कसं वाटायलंय?”

बरं हाय म्हणायचं नाही, हे मी शिकलो होतो. खरं सांगायचं, हेही शिकलो होतो. म्हणून मी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. बशीचा घाट केला, कपाची गाडी केली, बिस्किटाचा दगड. सुभेदारसाहेबांचा आवाज काढला, मॅडमचा काढला, मामांची दखनी तर अशी काढली की मुलीच्या वडलांच्या नाकातून चहा आला. मामा डोकं धरून बसले. आई दारातून हातानं पुरे पुरे करत होती, ते मला दिसत होतं, पण गाडी उताराला लागली होती. चहा सगळ्यांचे गार झाले.

मी थांबलो तेव्हा आत्यांनी कप खाली ठेवला आणि मामांकडं वळून विचारलं, “डोक्याला गोळ्या हायेत, ते समजलं. ह्या तोंडाला काय देतेत?”